बाळंतिनीच्या खोलीतले टोटे

मले टोट्याचं भेव वाटते. कचेरीतले लोक त्याले काडतूस म्हनतेत, आमच्या गावात टोटा म्हनतेत, पन नाव कोनतंही घ्या, माह्या तळहाताले घाम सुटते. धानोऱ्याच्या बाजूच्या जंगलात राह्यते त वाघाचं भेव वाटाले पाह्यजे, अस्वलाचं वाटाले पाह्यजे, तेही हायच, नाई असं नाई, पन वाघ काई कोनी सुपात घालून बाजेजवळ आनून ठेवत नाई. टोटे ठेवले होते. माह्या पोराच्या उशाशी ठेवले होते. तेच सांगते.

मी चौथी पास. पाचवीत नाव होतं पन बसली नाई. माहेर माहं चांद्याकडं. बाप सडकेच्या खदानीत दगडाले भोकं पाडे, मंग त्या भोकात सुरुंगाचा टोटा घालत, वात पेटवत, अन् सगळे पळत सुटत. तो टोटा कागदात गुंडाळलेला राहे, मेनबत्तीवानी. एका पावसाळ्यात टोटे सादळले म्हनून मानसायनं ते चुलीच्या बाजूले वाळाले मांडले. त्याच चुलीवर चहा होता. बाप चहा घ्याले वाकला. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा अन् करंगळी तेवढी राह्यली, अन् बाजूले बसलेला मानूस त राह्यलाच नाई. माय माही मी रांगत होती तवाच गेली, म्हनून वेनी बापच घाले. त्या दोन बोटायच्या चिमट्यात केस धरे, डाव्या हातानं गुंफे, अन् म्हने, "पोरी, टोटा अन् जळता इस्तो एका छपराखाली दिसला का उठायचं. कोनाले इचारत बसायचं नाई. भेव वाटलं म्हनून लाजायचंही नाई. उठायचं."

अन् मले देल्लं ते बंदुकीच्या घरी.

माहे सासरे, त्यायले मी मामाजी म्हनते, त्यायच्याकडं एकनळी बंदूक, लायसनची. डुक्कर अन् चितळ धानात उतरतेत, पिकाची राखन कराले पाह्यजे म्हनून सरकारनं लायसन देल्लं. टोटे मातर चांद्याहूनच आनाले लागत. अंगठ्याएवढा जाड टोटा, लाल कागदाचा, बुडाले पितळ. अन् मी पाह्यलं त त्या घरात टोटा म्हनजे वाटी-चमच्यावानी झाला होता. आत्याबाईचं, म्हनजे सासूचं, काजळ ठेवाले रिकाम्या टोट्याचं पितळी बूड. सुया ठेवाले रायफलीचा लांब टोटा, कोन्या शिकारी साहेबानं जंगलात टाकलेला, त्याच्या तोंडाले कापसाचा बोळा. चिमनीची वात टोट्यातून काढलेली. म्हशीच्या घंटीतला लोलक टोट्याचा. गावातले पोट्टे रिकाम्या टोट्याच्या तोंडावर फुंकर मारून अशी शिट्टी काढत का कान बसून जात. अन् लेकराले नजर लागू नाई म्हनून करदोड्यात टोट्याचं पितळ ओवत. मी हे सारं पाहो अन् अंग चोरून कामं करो. आत्याबाई म्हने, "रिकामा हाय व तो! रिकाम्या भांड्याले कोन भेते?" मी म्हनो, "हो जी." पन काजळ मी काडीनंच काढो, बोट घालत नाई.

रिकाम्याचं भेव मी गिळलं. भरलेले मामाजीच्या पेटीत राहत, ते मले दिसत नाई, दिसत नाई त चालून जाते.

मंग पोळा झाल्यावर मले दिवस भरले. माहेरी कोन होतं कराले, बाप एकटा, दोन बोटाचा. म्हनून बाळंतपन सासरीच झालं, पडवीच्या आतल्या खोलीत. पोट्टा झाला. आमच्या गावात बंदुकीच्या घरी पोट्टा झाला का आभाळात एक बार काढतेत, म्हनजे साऱ्याले समजते. मी आत पडून ऐकून राह्यली, आता बार होईन, आता होईन, लेकराचे कान मी हातानं झाकून ठेवले. बार झालाच नाई. बाहेर मानसं हसाले लागली. कोनीतरी म्हन्लं, "काऊन गा भाऊ, नातू झाला का नात, बंदुकीले इचारता का?" मंग समजलं, टोटा नळीत जातच नव्हता. पावसानं त्याचा कागद फुगला होता. मामाजीनं पेटी उघडून पाह्यलं त सारेच फुगलेले. त्या साली पाऊस उघडतच नव्हता, स्वैपाकघराचे कवेलू गळत होते, चूल तीन-तीनदा इझे.

लोक हसले ते हसून गेले. मामाजी मातर हसले नाई. धान निसवला होता, लोंब बाहेर येऊन दूध भरत होतं, हेच दिवस डुकराचे. टोटा नळीत गेला नाई त बांधीत, धानाच्या वावरात, काय करता? अन् साऱ्या घरात कोरडी जागा एकच होती. माही.

बाळंतिनीच्या खोलीत इस्तो इझू देत नाई, हे साऱ्यायलेच माईत हाय. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, लेकराले शेक, मले शेक, रातंदिवस. भिंती अशा कोरड्या का हात लावला त ऊब लागे. त्या खोलीत आत्याबाईनं सूप आनलं, सुपात कोंडा पसरला, कोंड्यावर टोटे मांडले, पापड मांडावे तसे, सुटे सुटे, एकाले एक लागू नाई असे, अन् सूप शेगडीच्या बाजूले ठेवलं.

मी कोपरावर उठून बसली.

"आत्याबाई, इथी इस्तो हाय न जी."

"मंग? इस्त्याबिगर वाळते का काई? तुह्या बापाच्या घरी ऊन पडलं असन त आन टोपलीभर."

"फुटले त?"

"टोटा का लाही हाय तडतड फुटाले? त्याच्या बुडाले बंदुकीच्या घोड्याचा दनका बसते तवा फुटते. तुहा नवरा याच खोलीत झाला. तवा त भरमार बंदुकीची सुटी दारू वाळत होती, याच शेगडीजवळ, ताटलीत. मेला का तो? मेला असता त तू कोनाच्या घरी आली असती व?"

याच्यावर काय बोलाव! मी बापाच्या हाताचं सांगतलं. आत्याबाई म्हने, तो सुरुंगाचा टोटा, तो येगळा, हा घरचा टोटा. जसं का घरचं कुत्रं अन् बाहेरचं कुत्रं. अन् जाता जाता दारात थांबून म्हने, "हात नोको लावजो मातर. बाळंतिनीचा हात लागला का बार फुसका जाते. इटाळ होते त्याले."

म्हनजे पाहा. टोटे माह्या खोलीत, माह्या लेकराच्या उशाशी, अन् मले ते सरकवाचीही मनाई. मी दिवसभर त्या सुपाकडं पाहत राहो. लेकरू दूध पिऊन झोपे, मी झोपो नाई. बाजेची शेगडीकडची बाजू सोडून भिंतीले लागून बसो, लेकराले भिंतीकडं ठेवो अन् मी मधात. माही पाठ शेगडीकडं. जसं काई माह्या पाठीनं टोटा अडते.

सुईनबाई रोज सकाळी लेकराले तेल लावाले ये. म्हातारी, दात पडलेले, पन हात असे का लेकरू रडे नाई. मी तिले म्हन्लं, "बाई, तुमी सांगा न आत्याबाईले. तुमचं ऐकन."

"माहं काम नाळ कापाचं. टोट्याचं ज्याचं त्याले इचार," ते म्हने. पन उठता उठता तिनं पायानं सूप शेगडीपासून हातभर दूर सारलं. माह्याकडं पाह्यलंही नाई. ते गेली अन् आत्याबाईनं येऊन सूप पुन्हा होतं तिथी ठेवलं.

नवरा खोलीत येत नाई, बाळंतपनाचं सुतक असते, दाराशी पडवीत उभा राहे. घोंगडं पांघरलेला, पानी गळून राह्यलेला. मी आतून म्हन्लं, "मामाजीले सांगा, हे टोटे दुसरीकडं ठेवा म्हना."

"मी सांगू? बुडा पयला बार माह्यावरच काढन."

"हसू नोका. मले भेव वाटून राह्यलं."

"तुले कशाचं भेव नाई वाटत ते सांग. बेडूक उडाला तरी तू किंचाळतं."

"बेडूक फुटत नाई," मी म्हन्लं.

त्यानं घोंगड्याचं पानी झटकलं. मंग म्हने, "सांगतो. काल रातच्याले डुक्कर उतरलं होतं, बुड्याचं डोकं फिरलेलं हाय. जरा शांत झाला का सांगतो." अन् त्यानं सांगतलं नाई, मले माईत होतं तो सांगनार नाई. वाईट नाई तो. पन बापासमोर त्याच्या तोंडातली जीभ मऊ होते.

मंग तो दिवस आला. सकाळी सकाळी बोंब झाली का डुकराचा कळप आमच्याच बांधीत शिरला, धुरा म्हनजे बांध फोडला, पानी वाहून जाऊन राह्यलं. सारेच्या सारे फावडे घेऊन पळाले. शेगडीसाठी कोरडं लाकूड सरलं होतं. आत्याबाईनं घाईघाईनं पडवीच्या कोपऱ्यातलं खुंट पेटवलं, त्याचे कोळसे शेगडीत घातले अन् म्हने, "तेंदूचं हाय, तडतडन जरा. तोंड फिरवून बस." अन् गेली.

तेंदूचं लाकूड आमच्याकडं कोनी चुलीत घालत नाई. त्याचे कोळसे ठिनग्या उडवतेत, लहान लेकरं होळीत मुद्दाम तेंदूचं लाकूड टाकतेत फटाक्यावानी आवाज व्हावा म्हनून. मले माईत होतं, आत्याबाईलेही माईत होतं, पन धुरा फुटला म्हनल्यावर कोनाचं डोकं जाग्यावर राह्यते!

मी लेकराले पाजून राह्यली होती. शेगडीतून आवाज आला, तड्. मंग तड् तड्. एक ठिनगी माह्या पायाजवळ पडली, मी पायानं इझवली. एक बाजेच्या दोरीवर पडली, ते मी थुंकीनं इझवली. वाकता वाकता लेकराचं दूध सुटलं, ते रडाले लागलं. मी त्याले चूप करू का ठिनग्या पाहू! अन् त्याच वेळी मले वास आला. ओव्याचा नाई. कोंड्याचा. सुपाच्या कडेले कोंडा धुपून राह्यला होता, ज्वाळ नाई, नुसतं काळं होत होत आत सरकून राह्यलं होतं, मुंगी सरकते तसं, पयल्या टोट्याच्या लाल कागदाकडं.

बापाचं बोलनं मले आठवलं असं मी नाई म्हनत. काईच आठवलं नाई. पायच उठले.

लेकराले उचललं अन् उंबरठा वलांडून पडवीत आली. पावसाची झड आत येऊन राह्यली होती. कोपऱ्यात बांबूची टोपली होती, तिच्यात गोनपाट होतं, त्याच्यात लेकराले ठेवलं, ते किंचाळून राह्यलं, अन् मी पुन्हा खोलीत गेली. हे सगळ्यात कठीन होतं. बाहेर येनं सोपं होतं, पुन्हा आत जानं कठीन होतं. मी तशीच पळाली असती बाहेर त लेकरू अन् मी वाचलो असतो, पन घर पेटलं असतं, धान्य पेटलं असतं, अन् गोठ्यात म्हशी बांधून होत्या. मी दारात उभी राहून हाताकडं पाह्यलं, हात कापून राह्यले होते, मी त्यायले म्हन्लं कापा बापा, पन चाला. सूप दोन्ही हातानं उचललं. जड होतं. कडेचा इस्तो माह्या बोटाले लागला. पडवीतून, लेकराच्या टोपलीपासून दूरच्या बाजूनं, न्हानीजवळच्या रांजनापाशी गेली अन् सारंच्या सारं रांजनात ओतलं. सूं आवाज झाला. टोटे बुडबुड करत खालतं गेले, कोंडा वर तरंगला. एक टोटा रांजनाच्या बाहेर पडला, तो मी हातानं उचलला, भरलेला टोटा जिंदगीत पयल्यांदा हातात घेतला, इतका गरम होता का भाजलेल्या भुट्ट्यावानी, अन् तोही टाकला. मंग एक घमेलं पानी आनून शेगडीवर ओतलं.

अन् मंग लेकराले घेऊन पडवीतच बसली.

सारे आले तवा मी तशीच होती. चिखलानं भरलेले, थकलेले. धुरा बांधून आले होते पन डुकरानं कोपरा तुडवला होता. पयले आत्याबाईनं मले पाह्यलं.

"अवं, बाळंतीन पडवीत! वारा लागन, वात भरन! लेकराले घेऊन आत हो!"

मंग तिनं इझलेली शेगडी पाह्यली. मंग रांजन. तिनं तोंडावर पदर घेतला अन् खालीच बसली. मी जळलेलं सूप दाखोलं, कसं कसं झालं ते सांगतलं, पन मले दम लागे, शब्द उलटेपालटे निघत. मामाजीनं सारं ऐकलं. मंग इचारलं, "फुटला का एखादा?"

"नाई जी."

"मंग?"

एवढंच. फुटला नाई त मंग काय! मी काय सांगू, फुटाच्या आधी काढले म्हनून नाई फुटले. त्यायनं रांजनात हात घालून टोटे काढले, धोतरानं पुसले, दुसऱ्या सुपात मांडले. अन् आत्याबाईकडं सूप देत म्हने, "नवीन शेगडी पेटव. ठेव वाळाले. दोन दिवसात वाळतीन, एखादा तरी कामी येईन."

मामाजीसमोर मी तवापावेतो कधी बोलली नव्हती. पदर डोळ्यापर्यंत, अन् हो जी, नाई जी. पन आत्याबाई सूप घेऊन उंबरठ्याकडं निघाली अन् मी उंबरठ्यावर जाऊन बसली. लेकरू मांडीवर.

"मामाजी, टोटे आत गेले त मी आत जात नाई. मी पडवीतच राहीन."

नवरा म्हने, "चूप राह्य व."

"नाई राहत."

मामाजी म्हने, "अन् डुकरानं धान खाल्ला त पोराले काय चारशील? उंबरठा?"

"मी जाईन बांधीवर. मचानावर बसीन, डबा वाजवीन. सुतक फिटलं का दुसऱ्या दिवशी जाईन. लेकराले पाठीशी बांधून जाईन."

"तू? तू बेडकाले भेतं."

"भेऊन भेऊन वाजवीन."

पडवीतले दोघं-तिघं शेजारी हसले. मामाजी नाई हसले. त्यायनं आत्याबाईच्या हातातलं सूप स्वतः घेतलं अन् माह्यापुढं उभे राह्यले, आता मले वलांडूनच आत जातेत असं वाटलं. अन् मले एकदम सुचलं. मी म्हन्लं, "अन् तसेही त्यायले माहा हात लागला जी. सगळ्यायले. एकेकाले लावला."

एकाच टोट्याले लागला होता. पन मी सगळ्यायले म्हन्लं. त्यायच्याच घरचा नेम होता, बाळंतिनीचा हात लागला का बार फुसका. आता वाळवून काय उपेग!

मामाजीनं सूप अंगापासून लांब धरलं. मंग आत्याबाईच म्हने, "टाका न जी आता. इटाळलेले टोटे घेऊन डुकरासमोर उभे राह्यसान का?" अन् मामाजीनं ते सूप गोठ्यामांगच्या खड्ड्यात नेऊन रिकामं केलं, वरून माती ओढली. माह्याशी ते दिवाळीपर्यंत बोलले नाई. मी जेवन वाढो, ते ताटाकडं पाहून जेवत.

बोलल्याप्रमानं मी बांधीवर गेली. डबा, काठी, पाठीशी लेकरू. आत्याबाई रोज म्हने, "ओल्या अंगाची निघाली शिकारीन." मचानावर बसलं का अंधार पडाच्या आधीच माहे दात वाजत. डुकराचा घुरघुर आवाज आला का मी डोळे मिटून डबा बडवो अन् जे तोंडात येईन ते ओरडो, बाराखडी ओरडो, पाढे ओरडो, चौथीतलं जे जे आठवे ते. शेजारच्या बांधीवाला म्हने, "आमच्या इथी डुकरं आता पाढे शिकून राह्यली." घसा बसला तो पंधरवडाभर निघाला नाई. धुऱ्याकडचा कोपरा गेला, तो गेलाच, बाकी धान घरात आला.

मले वाटलं मी जिंकली. तसं नाई झालं.

दुसऱ्या पावसाळ्यात मामाजीनं चांद्याहून नवीन टोटे आनले. पाऊस लागला, टोटे फुगले. आमच्या घरी त्या साली बाळंतपन नव्हतं, शेगडी नव्हती. एक दिवस मी निवडाले बसली, आत्याबाई सहज म्हने, "टोट्यायची सोय झाली बाप्पा. पल्याडच्या घरची सून बाळंत झाली न, तिच्या खोलीत ठेवून दिले."

माह्या हातातलं सूप खाली पडलं.

म्हनजे मी माह्या लेकराच्या उशाचं मरन उचलून दुसरीच्या लेकराच्या उशाशी ठेवलं होतं. पल्याडची सून एटापल्लीकडची, माह्याहून लहान, अजून आमची बोली नीट येत नाई, पानवठ्यावर कोनी काई म्हन्लं त नुसती हसते. ते कोनाले काय म्हननार होती!

मी लेकराले कमरेवर घेतलं अन् निघाली. आत्याबाई मांगून ओरडे, "अवं कुठी चालली? दुसऱ्याच्या घरी बाळंतिनीच्या खोलीत अशी शिरू नोको, लोक काय म्हनतीन!" चिखलात माहा पाय घसरे, लेकरू माहे केस ओढे. पल्याडच्या पडवीत त्या घरची म्हातारी बसली होती, तिले मी फक्त जोहार केला अन् सरळ आत गेली.

ते पोरगी भिंतीले लागून बसली होती. लेकराले भिंतीकडं ठेवून, पाठ शेगडीकडं करून. मी दारातच उभी राह्यली. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मंग सुपाकडं पाह्यलं. तिचे डोळे लाल होते, किती दिवसाची झोपली नव्हती कोन जाने.

"नेते मी," मी म्हन्लं.

ते म्हातारी दारात आली. "अवं, तुह्या सासऱ्यानं ठेवले ते. त्याले इचारलं का?"

"माह्या घरचे हायेत न? मंग माह्या घरीच नेते. तुमच्या नातवाची निजाची जागा हाय ते, टोटे ठेवाची फळी नाई."

म्हातारीले हे आवडलं नाई, पन नातवाचं नाव घेतल्यावर ते बाजूले झाली. एका हातानं लेकरू, एका हातानं सूप, त्याच्यावर पदर, पाऊस लागू नाई म्हनून, असे ते टोटे मी भर गावातून घेऊन आली. पानवठ्यावरच्या बाया बाजूले झाल्या. मी पाहत होती फक्त पायाकडं. घसरली त काय होईन, घसरली त काय होईन, एवढंच डोक्शात.

मामाजी पडवीत बिडी ओढत बसले होते. मी लांबच उभी राह्यली.

"बिडी इझवा जी."

त्यायनं माह्याकडं पाह्यलं, सुपाकडं पाह्यलं, अन् इझवली.

"आता कुठी ठेवतं?" ते म्हने. भांडनाचा आवाज नव्हता. खरंच इचारून राह्यले होते. "तुह्या खोलीत नाई, तिच्या खोलीत नाई. टोटा सादळला त डुक्कर मांगं नाई सरत, अंगावर येते. मागच्या साली तू पाढे म्हन्ले, दरसाल म्हनशील का?"

"मी ठेवीन. माह्याजवळ द्या."

"तू?"

"मले भेव वाटते म्हनूनच. ज्याले भेव नाई वाटत तो शेगडीजवळ ठेवते."

आत्याबाई काईतरी बोलाले गेली, मामाजीनं हात वर केला. "राहू दे. हिच्याशी कोन बोलन! उंबरठ्यावर बसन पुन्हा." अन् पेटीची किल्ली त्यायनं जमिनीवर ठेवली, सरकवली माह्याकडं. सासरा सुनेच्या हातात देत नाई.

तवापासून टोटे माह्याजवळ हायेत. लोनच्याची काचेची बरनी, चांगली वाळवलेली, तिच्यात भाजून थंड केलेले तांदूळ, त्याच्यात टोटे, वरून झाकन अन् फडका. बरनी गोठ्यातल्या उंच लाकडाले शिक्यात बांधलेली, कारन गोठ्यात इस्तो नसते. तांदूळ सादळले का बदलते. नवऱ्याले सांगतलं, बिडी घेऊन गोठ्यात पाय ठेवला त त्या दिवशी जेवन गोठ्यातच, म्हशीच्या ताटात. तो म्हने, "हवालदारीन झाली तू." होईन मी. पल्याडची पोरगी आता माह्याशी बोलते, तिची बोली माह्या ध्यानात येत नाई, माही तिच्या येत नाई, पन बसते येऊन.

अन् पावसाळ्यात एखाद्या दिवशी ऊन निघालं का मी बरनी काढते. आंगनाच्या मधात, चुलीपासून दूर, फडक्यावर एकेक टोटा मांडते. काठी घेऊन बाजूले बसते. कोंबडी आली का हाकलते, पोट्टे आले का हाकलते, माहं पोट्टं पाटाले बांधून ठेवते, रडलं तरी सोडत नाई. तळहाताले घाम अजूनही सुटते, पयले पदराले पुसते मंग टोटा धरते. ऊन गेलं का सारे बरनीत, झाकन घट्ट, शिक्यात. मंग लेकराले सोडते अन् पाजाले बसते.